आधी गळती मोजा, मग धरण मागा

रायगडच्या किनारपट्टीवर दरसाल दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यात टँकर चुकत नाहीत. यावर पुढारी आणि अधिकारी यांचं उत्तर एकच : नवं धरण बांधा. मला ते मान्य नाही.

पेण तालुक्याकडे पाहा. हेटवणे धरणाचं पाणी सिडकोच्या वसाहतींना जातं आणि त्याच तालुक्यातला खारेपाट भाग हंडाभर पाण्यासाठी वणवण करतो. २००९ साली बाळगंगा धरण हाती घेतलं. खर्च फुगत गेला, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गुन्हे दाखल केले, वरसई भागातले लोक वर्षानुवर्षं पुनर्वसनासाठी झगडत राहिले. शहरांनी आणखी पाणी मागावं, पण हातातल्या पाण्याचा हिशेब दिल्यावर.

गळती किरकोळ असते, असं सांगितलं जातं. दहा मीटर दाबाच्या नळाला सहा मिलिमीटरचं भोक पडलं, तर दिवसभरात वीस हजार लिटरच्या आसपास पाणी जातं. माणशी १३५ लिटर धरलं, तर हे दीडशे माणसांचं पाणी झालं! आणि असं भोक बहुतेकदा मोठ्या वाहिनीला नसतं, घराकडे जाणाऱ्या जोडणीला असतं. आपल्या खाऱ्या जमिनीत जीआयचा पाइप गंजतो, सांध्यापाशी झिरपू लागतो आणि रेतीत पाणी वर येतच नाही.

दुसरा युक्तिवाद चोरीचा. चोरी होते, पण सगळं खापर झोपडपट्टीवर फोडलं की रस्ता खणायला नको आणि बंद मीटर बदलायला नकोत.

‘आम्ही तासभरच पाणी सोडतो, म्हणून गळती कमी,’ हे तर साफ चुकीचं. रोज रिकामा होणारा आणि रोज एकदम भरणारा नळ सांध्यात लवकर ढिला होतो. रिकामा असताना त्याच भोकातून गटाराचं पाणी आत ओढून घेतो. शिवाय गळती पकडायची खरी वेळ हातची जाते. पहाटे अडीचला गाव झोपलेलं असताना टाकीवरचा मीटर फिरत असेल, तर ती बहुतेक गळतीच. मग एकेक भाग बंद करत जायचं, व्हॉल्व्हच्या दांड्याला गज टेकवून कान लावायचा. फुटका नळ सूं सूं करतो, सरावलेल्या माणसाला तो कळतो.

हे फक्त श्रीमंत देशांना जमतं असंही नाही. युद्धातून उठलेल्या कंबोडियाच्या नॉम पेन्ह शहरात १९९३ साली सत्तर टक्क्यांहून अधिक पाणी हिशेबाबाहेर जात होतं. पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत ते दहा टक्क्यांच्या खाली आलं. आपल्या कराडशेजारच्या मलकापूरने घरोघरी मीटर लावून चोवीस तास पाणी दिलं.

अलिबाग, पेण, उरण, मुरूड, श्रीवर्धन इथल्या नागरिकांनी नगरपरिषदेकडे दरमहा दोनच आकडे मागावेत : टाकीतून किती पाणी सोडलं आणि बिलात किती आलं. ते जाहीर होईपर्यंत नव्या धरणाच्या एकाही ठरावाला नगरसेवकांनी हात वर करू नये.