अठ्ठेचाळीस किलोला शंभर किलोचा डोस

पेणच्या कारखान्यात गणपती सांगायला गेलात की मूर्तिकार आधी विचारतो, "मखर केवढं?" दीड फुटाच्या मखरासाठी तीन फुटांची मूर्ती तो कोणाच्या गळ्यात मारत नाही. कॅन्सरवरच्या महागड्या इम्युनोथेरपीत मात्र नेमकं तेच चाललंय.

यातलं पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध 2014 साली अमेरिकेत मंजूर झालं, तेव्हा मात्रा होती किलोमागे 2 मिलिग्रॅम. पुढे ती सरसकट 200 झाली, दर तीन आठवड्यांनी. आता हिशेब करा. 200 मिलिग्रॅम हा 100 किलोच्या माणसाचा डोस. भातलावणीत आयुष्य गेलेली, दुखण्याने वाळलेली रोह्याकडची एखादी बाई काट्यावर उभी राहते तेव्हा काटा 48 दाखवतो. तिला लागतात 96. व्हायल 100 ची. म्हणजे काम एका व्हायलमध्ये भागतं आणि बिल दोनचं लागतं. निव्होलुमॅबचंही तसंच: किलोमागे 3 मिलिग्रॅमवरून सरसकट 240, म्हणजे 80 किलोचा माणूस गृहीत.

यावर उत्तर तयार असतं. ही अँटिबॉडी आहे, तिचा परिणाम वजनावर फारसा अवलंबून नसतो. शिवाय एकच आकडा ठेवला की चुका टळतात, औषध वाया जात नाही. ठीक, वजनाने फारसं बिघडत नाही असं धरू. मग सगळ्यांसाठी आकडा शंभर किलोवाल्याचा का घेतला? पन्नास किलोवाल्याचा का नाही? आणि वाया जाण्याचं म्हणाल, तर एकाच औषधाचे रुग्ण एकाच दिवशी बोलावले की उरलेलं पुढच्याच्या कामी येतं. आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांना ही जुळणी जड नाही.

दुसरा समज नातेवाइकांचा: जास्त दिलं की जास्त गुण. सलाइन लावल्याशिवाय डॉक्टरला डॉक्टर न मानणारी आपली माणसं, त्यांना काय बोलावं! हे औषध पेशींवरच्या पीडी-1 नावाच्या जागा अडवून बसतं. जागा भरल्या की भरल्या. एसटीत निदान उभ्याने जाता येतं, इथे तेही नाही. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या 1034 रुग्णांवरच्या, 2016 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेल्या चाचणीत किलोमागे 2 आणि 10 मिलिग्रॅम अशा दोन्ही मात्रा दिल्या गेल्या. पाचपट औषध घेणारे लक्षणीयरीत्या जास्त जगले, असं काही दिसलं नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत बोचरा: कमी डोस म्हणजे गरिबाची बोळवण. याला उत्तर परळच्या टाटा रुग्णालयातून आलं. डोक्या-मानेच्या प्रगत कॅन्सरच्या, म्हणजे तंबाखूपायी आपल्याकडे घरोघरी ठाऊक असलेल्या दुखण्याच्या, 151 रुग्णांवर तिथल्या डॉक्टरांनी चाचणी केली. एका गटाला स्वस्त गोळ्यांचे उपचार, दुसऱ्याला त्यांच्या जोडीला निव्होलुमॅब, फक्त 20 मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. वर्षअखेर पहिल्या गटात 16.3 टक्के जिवंत होते, दुसऱ्यात 43.4 टक्के. बोळवण याला म्हणायचं, की पूर्ण डोसचं कोटेशन हातात देऊन रुग्णाला घरी पाठवण्याला?

इथे एक कबूल केलं पाहिजे. टाटाच्या चाचणीत 20 मिलिग्रॅमची तुलना पूर्ण डोसशी नव्हती, औषध न मिळण्याशी होती. म्हणून 20 हाच सर्वांचा डोस, असं माझं म्हणणं नाही. पण आपल्यासारख्या देशांत नेहमीची इम्युनोथेरपी जेमतेम 1 ते 3 टक्के रुग्णांना परवडते, असं त्याच डॉक्टरांनी नोंदवलंय. उरलेल्यांची खरी तुलना 'काहीच नाही'शीच आहे.

माझं मागणं साधं आहे. पेम्ब्रोलिझुमॅब किलोमागे 2 मिलिग्रॅम आणि वर 200 ची मर्यादा. कॅनडात हा हिशेब चालतो, आणि कॅनडाला कोणी गरीब म्हणत नाही. ज्यांना तेही झेपत नाही त्यांच्यापुढे टाटाचा मार्ग निदान मांडला जावा.

टाटाच्या खारघरच्या किंवा परळच्या रुग्णालयात जाल तेव्हा डोस आपल्या मनाने कमी करू नका; तो निर्णय डॉक्टरांचाच. पण पैसे भरण्याआधी त्यांना तीन गोष्टी विचारा: पेशंटचं आजचं वजन किती, त्या वजनाला मिलिग्रॅम किती, आणि व्हायल किती फोडणार?