ऑनलाइन कोर्स रेकॉर्ड करायचाय? मग कॅमेऱ्याआधी माइककडे बघा

एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स 'स्वयम्'वरून ऑनलाइन करण्याची मुभा यूजीसीने २०२१ मध्ये दिली. त्याच्या आधीच टाळेबंदीने अर्ध्या शिक्षकवर्गाला मोबाइलसमोर उभं केलं होतं. आता कॉलेजं, खासगी क्लासेस, एकेकटे शिक्षक असे सगळेच कोर्स रेकॉर्ड करतायत. आणि तयारी सुरू होते ती एकाच प्रश्नाने: कॅमेरा कोणता घ्यायचा?

प्रश्नच उलट्या टोकाने सुरू होतो. तासिका तत्त्वावर काम करणारा, मानधनाची वाट बघणारा प्राध्यापक हप्त्यावर डीएसएलआर घेतो आणि आवाज कॅमेऱ्याच्याच माइकवर सोडून देतो, तेव्हा पैसे जातात आणि विद्यार्थीही जातो.

आवाज एवढा महत्त्वाचा का?

चित्र थोडं अंधुक असलं तरी विद्यार्थी बघत राहतो. आवाज घुमायला लागला की व्हिडिओ बंद होतो. एसटीत बसून, एकाच कानात इअरफोन घालून ऐकणाऱ्याला तर फक्त आवाजच मिळत असतो.

एरिन न्यूमन आणि नॉर्बर्ट श्वार्ट्झ यांचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याहून पुढे जातो. संशोधकांचं तेच बोलणं काहींना स्वच्छ आवाजात, काहींना खराब आवाजात ऐकवलं. खराब आवाजात ऐकणाऱ्यांना संशोधन कमी महत्त्वाचं वाटलं आणि बोलणारा माणूसही कमी हुशार वाटला. म्हणजे माइक वाईट, पण नापास होतात सर!

मग माइक कोणता?

महाग की स्वस्त, यापेक्षा तो तोंडापासून किती लांब आहे हे जास्त महत्त्वाचं. अंतर दुप्पट झालं की थेट पोचणारा आवाज सहा डेसिबलने खाली येतो, खोलीतला घुमारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून सहा फुटांवरच्या महागड्या माइकपेक्षा शर्टाला लावलेला साधा वायरचा कॉलर माइक बऱ्याचदा सरस ठरतो. टेबलावरचे कंडेन्सर माइक दिसायला झकास, पण ते फार संवेदनशील. शेजारच्या कुकरची शिट्टीही त्यात येते. घर रस्त्यालगत असेल तर डायनॅमिक माइक घेऊन अगदी जवळून बोलणं बरं.

घेताना पिन तपासावी. फोनच्या पिनेवर बहुधा तीन काळ्या रिंगा असतात, कॅमेऱ्याच्या पिनेवर दोन. चुकीची पिन लावली की माइक नवा असूनही रेकॉर्डिंग मुकं येतं. बऱ्याच नव्या फोनला तर ते गोल भोकच नसतं, त्यामुळे टाइप-सीचा माइक किंवा जोडणी लागते.

खोलीसाठी खर्च नाही. टाळी वाजवून बघायची, घुमली तर समोरच्या भिंतीवर गोधडी टांगायची, कपाटाची दारं उघडी ठेवायची. पंखा बंद. पत्र्याच्या छपराखाली पावसात रेकॉर्डिंगचा नाद सोडलेला बरा.

कॅमेऱ्याचं काय?

गेल्या काही वर्षांतला बरा फोन पुरतो. फोरकेची गरज नाही. बघणारा सहा इंची स्क्रीनवर आणि मोजक्या डेटावर बघतो. अनेक जुने डीएसएलआर तर २९ मिनिटं ५९ सेकंदांनी रेकॉर्डिंग थांबवतात. त्याहून लांब रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्यांवर युरोपात जादा आयातशुल्क होतं, म्हणून ती मर्यादा आली. सोलापुरात तास घेणाऱ्याला ती कळते धडा अर्धवट तुटल्यावरच.

प्रकाश खिडकीचा, आणि खिडकी समोर. पाठीमागे असेल तर चेहरा काळा पडतो. ट्यूबलाइटखाली व्हिडिओत पट्टे सरकताना दिसतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि बरेच फोन ३० फ्रेम्सवर सेट असतात. सेटिंगमध्ये २५ फ्रेम्स किंवा शटर १/५० ठेवलं की पट्टे बहुतेक वेळा जातात.

स्टुडिओचं आकर्षण असेल त्यांनी २०१४ चा एडेक्सवरचा अभ्यास बघावा. सुमारे ६९ लाख वेळा बघितल्या गेलेल्या व्हिडिओंच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. चकचकीत स्टुडिओपेक्षा शिक्षकाने आपल्या टेबलाशी बसून केलेले साधे व्हिडिओ, आणि लांबलचक तासापेक्षा सहा मिनिटांच्या आतले तुकडे विद्यार्थ्यांना जास्त धरून ठेवत होते. गणितासाठी तर चेहराही लागत नाही. वहीवर वरून रोखलेला फोन किंवा पेन टॅब्लेट पुरतो.

पहिला धडा रेकॉर्ड झाला की तो लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकू नये. सगळ्यात स्वस्त इअरफोन घ्यावा, रस्त्यावर उभं राहावं आणि पाच मिनिटं ऐकावं. शब्द कळले, तर पुढचे वीस धडे त्याच सेटिंगवर करायला हरकत नाही.