लहान स्वयंपाकघर व मोठें कुटुंब

न्यायशास्त्राचा पहिला पाठ शिकवितांना शिक्षकाला स्वयंपाकघरांत शिरावेंच लागतें. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहांत धूर व अग्नि यांचें साहचर्य पटविण्यासाठीं जो दृष्टांत योजला आहे तो महानसाचा, म्हणजे स्वयंपाकघराचा. हा दृष्टांत आम्ही कित्येक वर्षें विद्यार्थ्यांना समजावून दिला. परंतु ज्या महानसाच्या आधारावर आम्ही एवढें पांडित्य मिरविलें, त्यांत ताट घेण्यापलीकडे आम्ही स्वतः पाऊल टाकलें नव्हतें, ही गोष्ट ध्यानांत यावयास आमच्या वयाचीं चौसष्ट वर्षें लोटावीं लागलीं.

गेले कांहीं महिने या सदरांत आम्ही घराच्या निरनिराळ्या भागांविषयीं लिहीत आहों. 'आतां स्वयंपाकघराकडे वळा' असें भगिनीवर्गाचें सांगणें होतें. तें आम्ही टाळीत होतों, कारण या प्रकरणीं आमची बाजू निर्दोष नाहीं. आज तें प्रथम कबूल करून मग चार उपयुक्त गोष्टी सांगतों.

पुण्यांतील आमचें बिऱ्हाड १९९६ सालीं घेतलेलें. स्वयंपाकघर नऊ फूट लांब व सात फूट रुंद. जेवणाची जागा निराळी असेल तर स्वयंपाकघर निदान पांच चौरस मीटरांचें व १.८ मीटर रुंदीचें असावें, असें राष्ट्रीय इमारत संहितेंत म्हटलें आहे. आमचें पावणेसहा चौरस मीटरांहून किंचित् अधिकच भरतें. म्हणजे संहितेनें नांव ठेवावें असें कांहीं नाहीं, आणि तीन बायकांनीं एका वेळीं सुखानें वावरावें असेंही नाहीं.

२०१६ सालीं चिरंजीवांचें लग्न ठरलें, तेव्हां या स्वयंपाकघराचा जीर्णोद्धार करावयाचें आम्ही मनावर घेतलें. एका कारखानदाराचें चित्रमय सूचीपत्र आलें. आम्ही व चिरंजीव असे दोघे पुरुष एका संध्याकाळीं दिवाणखान्यांत बसलों आणि चित्र निवडून मोकळे झालों. चित्रांतील स्वयंपाकघर फार सुंदर होतें. त्यांत एकही मनुष्य नव्हता. घरांतील बायकांना आम्ही काय विचारलें, तर कपाटांचा रंग!

दोन्ही भिंतींना दोन दोन फूट रुंदीचे ओटे, त्यांची उंची छत्तीस इंच, आणि वर छतापर्यंत बंद कपाटें, अशी ती रचना होती. महिनाभर शेजारीपाजारी पाहून गेले. त्यानंतर आमच्या मंडळींचे खांदे दुखूं लागले, तें वयाचें दुखणें असें आम्ही ठरविलें. आमच्या मातोश्री, ज्यांनीं साठ वर्षें या कुटुंबाची चूल सांभाळली, त्या हळूहळू स्वयंपाकघरांत येईनाशा झाल्या. विचारलें तर म्हणत, "अरे, आतां तेथें माझें काय काम?" तेंही आम्ही वयावरच घातलें. पुढें २०२३ च्या पावसाळ्यांत एके सकाळीं वरच्या कपाटांतील पोह्यांचा डबा काढण्यासाठीं आमच्या मंडळी स्टुलावर चढल्या, आणि पाय घसरून पडल्या. उजवें मनगट मोडलें. सहा आठवडे हात प्लॅस्टरमध्यें होता.

सूनबाई नोकरीला जातात. चहा, वरणभात व दुपारची भाजी एवढें काम आमच्याकडे आलें. तेव्हां आम्हांस दिसलें कीं, आमच्या घरांत वयाला नाहक बदनाम केलें जात होतें. दोष ओट्याचा होता.

शाळामास्तराची खोड अशी कीं, कळलें नाहीं तर खडू हातीं घ्यावा. फ्रीज बाहेर, शेगडी एका भिंतीला, नळ दुसऱ्या भिंतीला, चहासाखर शेगडीच्या विरुद्ध दिशेला. आम्ही फरशीवर खडूनें रेघा ओढल्या आणि नातीला पावलें मोजावयास बसविलें. पांच माणसांच्या एका चहाला एकेचाळीस पावलें पडलीं! दिवसांत चार वेळां चहा होतो. स्वयंपाकाचीं पावलें निराळींच.

असा विचार करणारे आम्ही पहिले नव्हों, हें पुढें वाचनांत आलें. जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरांत पहिल्या महायुद्धानंतर कामकरी कुटुंबांसाठीं मोठ्या प्रमाणावर घरें बांधलीं जात होतीं. त्यांकरितां १९२६ सालीं मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनीं एक स्वयंपाकघर योजलें. तें सुमारें १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब, म्हणजे आमच्याहून थोडेंसें मोठें. आगगाडीच्या भोजनाच्या डब्यांतील मुदपाकखाना एवढ्याशा जागेंत शेंकडों माणसांचें जेवण कसें उरकतो, हें त्यांनीं पाहिलें. प्रत्येक कामाला लागणारा वेळ व हालचाल मोजली. आणि पीठ, तांदूळ, साखर यांचे नांवें घातलेले लहान खण हाताशीं आणून ठेविले. खिडकीशीं काम करण्याची फळी व बसावयास फिरतें स्टूल दिलें. अशीं सुमारें दहा हजार स्वयंपाकघरें त्या शहरांत बसविलीं गेलीं. आज ज्याला मॉड्युलर किचन म्हणतात त्याचें मूळ येथें आहे.

परंतु त्या योजनेवर पुढें एक आक्षेप आला, आणि तो आपल्यासारख्या कुटुंबांनीं नीट ध्यानांत घ्यावा. तें स्वयंपाकघर एकाच बाईनें एकटीनें काम करावें असें मापलेलें होतें. दुसरें माणूस आंत आलें कीं अडचण. आपल्याकडे सासू, सून, जाऊ, नात यांचा त्याच जागेंत वावर असतो, आणि तेथेंच एकीची विद्या दुसरीला मिळते. म्हणून परक्या चित्राची नुसती नक्कल करून आपलें भागणार नाहीं. मोजण्याची रीत त्यांची घ्यावी. माणसें मात्र आपलीं मोजावीं.

२०२४ सालीं आम्ही स्वयंपाकघर पुन्हां उघडलें. या वेळीं तिघीजणी खुर्च्यांवर बसल्या होत्या, आणि टेप आमच्या हातीं होती. त्यांतून जें ठरलें तें क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट उंचीची. उभें राहून कोपर वांकवावें. जमिनीपासून कोपरापर्यंत जी उंची भरेल तींतून चार ते सहा इंच वजा करावे. ती चिरण्याच्या ओट्याची योग्य उंची. आमच्या मंडळींचें कोपर सदतीस इंचांवर, तर सूनबाईंचें एकेचाळीस इंचांवर. एकीला एकतीस ते तेहतीस इंच हवे, दुसरीला पस्तीस ते सदतीस. शिवाय ओट्यावर शेगडी, शेगडीवर पातेलें, म्हणजे ढवळणारा हात आणखी वर. सिंकचें मात्र उलट: त्याचा तळ खोल असल्यामुळें ओटा फार ठेंगणा केला तर भांडीं घांसतांना कंबर वांकते. म्हणून शेगडीखालचा अडीच फुटांचा भाग तीस इंचांवर उतरविला, व बाकीचा ओटा चौतीस इंचांवर ठेविला. सूनबाईंसाठीं दोन इंच जाडीचा लांकडी पाट चिरावयास दिला. आमच्या मंडळींनीं इंचभर तडजोड पत्करली. या पायरीचा एक तोटाही सांगितला पाहिजे. तापलेलें भांडें ओट्यावरून सरकवितां येत नाहीं. तें सांडशीनें उचलूनच ठेवावें लागतें.

दुसरी गोष्ट क्रमाची. जिन्नस काढणें, धुणें, चिरणें, शिजविणें हा कामाचा ओघ आहे. जागेचाही ओघ तोच असावा. सांडपाण्याचा नळ हलविणें मोठ्या खर्चाचें व पुढें गळतीचें काम असतें, म्हणून तो होता तेथेंच ठेविला आणि बाकीचें सर्व त्याच्या सोयीनें मांडलें. नऊ फुटांच्या भिंतीला दाराकडून दोन फूट फ्रीज, अडीच फूट सिंक, दोन फूट मोकळा ओटा व अडीच फूट शेगडी, असा हिशेब बरोबर बसला. सिंक व शेगडी यांमधील मोकळी जागा ही स्वयंपाकघराचा प्राण आहे. ती मिक्सरला किंवा पाण्याच्या यंत्राला बळी देऊं नये.

तिसरी गोष्ट रुंदीची. दोन्हीकडे दोन दोन फुटांचे ओटे घेतल्यावर मधें तीनच फूट उरत. एकीनें वांकून खालचें कपाट उघडलें कीं दुसरीची वाट बंद. आम्ही समोरचा ओटा काढून तेथें पंधरा इंच खोलीची मांडणी केली. मधली वाट पावणेचार फूट झाली. खोल कपाटांत मागचा डबा विसरला जातो व त्यांतील डाळीला कीड लागते. उथळ मांडणींत प्रत्येक डबा दिसतो. रोजचें सामान गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यांत ठेवावें. जड तें खालीं. पंगतीचीं पितळी पातेलीं तेवढीं माळ्यावर, आणि तीं काढण्याचें काम घरांतील तरुण पुरुषाचें. आमच्या घरीं स्टूल हा पदार्थ स्वयंपाकघरांतून हद्दपार झाला आहे.

चौथी गोष्ट अग्नीची व हवेची. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असतो. गळला तर वर न जातां जमिनीलगत सांचतो. आमच्या पहिल्या कपाटांत सिलिंडर चारी बाजूंनीं कोंडलेला होता, हें आतां आठवलें तरी अंगावर कांटा येतो. त्याच्या कपाटाला जाळीचें दार असावें, जमिनीलगत हवेला बाहेर वाट असावी, सिलिंडर नेहमीं उभा ठेवावा व शेगडी त्याहून उंच असावी. नळीवरील मुदतीची तारीख पाहून ती वेळेवर बदलावी; सुरक्षा नळीचीही मुदत पांच वर्षांची असते. शेगडी उघड्या खिडकीच्या झोतांत असूं नये. आमच्याकडील खिडकीचें शेगडीजवळचें अर्धें तावदान म्हणूनच पक्कें बंद केलें, व वाफ ओढणारा पंखा वर बसविला. दिवा खोलीच्या मध्यभागीं असला म्हणजे चिरणाऱ्या बाईची स्वतःचीच सावली सुरीवर पडते. म्हणून एक दिवा ओट्यावरील फळीच्या खालीं हवा.

पांचवी गोष्ट द्रव्याची. कडप्पा स्वस्त व काटक खरा, परंतु तो चुनखडीच्या जातीचा. लिंबू, चिंच, कोकम यांचे डाग तो सोडीत नाहीं. वरच्या थराला ग्रॅनाइट घ्यावा आणि कडप्पा आंतील फळ्यांना वापरावा. सिंकखालीं साधें प्लायवूड दोन पावसाळ्यांत फुगतें व झुरळांचें माहेर बनतें. तेथें दगडी फळी घालून केवळ दार जलरोधक प्लायवूडचें करावें. तें घेतांना आय. एस. ७१० हा मानकाचा शिक्का पाहावा. फरशी गुळगुळीत नको. तेलाचा एक थेंब व ओला पाय यांची गांठ पडली कीं काय होतें, तें आमच्या घरानें अनुभविलें आहे.

सहावी गोष्ट सर्वांत स्वल्प खर्चाची, आणि ती आम्हांस सर्वांत उशिरां सुचली. टेपनें मापें चाललीं असतां सूनबाई म्हणाल्या, "बाबा, आजींचें माप कोणीच घेतलें नाहीं." आम्ही म्हटलें, त्यांना उभें राहवत नाहीं, माप कशाचें घ्यावयाचें? "त्यांना बसवत नाहीं का?" एवढेंच त्या बोलल्या. आम्ही निरुत्तर झालों. आईचे गुडघे गेल्यामुळें त्यांना पाटावर बसतां येत नव्हतें. आणि आम्ही केलेल्या छत्तीस इंची स्वयंपाकघरांत उभ्या माणसाखेरीज कोणाला जागाच नव्हती. "माझें काय काम?" या शब्दांचा अर्थ आठ वर्षांनीं आम्हांस लागला.

खिडकीखालीं, मांडणीच्या टोकाला, सत्तावीस इंचांवर एक सरकती फळी बसविली. हवी तेव्हां ओढावी, नको तेव्हां आंत ढकलावी. तिच्यापुढें पाठीची खुर्ची. सुताराचें तें अर्ध्या दिवसाचें काम. पहिल्या दिवशीं आई आल्या, फळीवरून हात फिरविला, कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या आपण होऊन मटार सोलीत बसल्या होत्या. आतां आठ वर्षांची नात त्यांच्याजवळ बसून लसूण सोलते, आणि आमटींत गूळ केव्हां घालावा याविषयीं सूनबाईंना तेथून सूचना जातात. त्या सर्वच पाळल्या जातात असें नाहीं. वाद होतात. पण ते स्वयंपाकघरांत होतात, आणि आई त्यांत आहेत. चहाचीं पावलें सोळांवर आलीं. परंतु आमच्या मतें या सर्व खटाटोपाचें फळ तें नव्हे.

ज्या वाचकांना स्वयंपाकघर मोडून नवें करणें आज शक्य नाहीं, त्यांनीं निदान एवढें करावें. एक दिवस खडू घेऊन पावलें मोजावीं. रोजचे डबे खांद्याखालीं आणावे. सिलिंडरच्या कपाटाला हवा द्यावी. घरांतील ज्येष्ठ बाईसाठीं एक खुर्ची व एक फळी मांडावी. यांत सुताराच्या मजुरीहून अधिक खर्च नाहीं. आणि कारागिराला बोलावण्यापूर्वीं घरांतील प्रत्येक बाईच्या कोपराचें माप कागदावर लिहून घ्यावें. त्या कागदावर पुरुषाची सही नसली तरी चालेल.

पुढील अंकीं माळ्यावरील अडगळीचा विचार करूं. तीबद्दल आमच्या मंडळींचें मत आम्ही या वेळीं आधींच विचारून ठेविलें आहे.