सोंगाला ओळखपत्र मागणारे आम्ही

दरवर्षी आमच्या महाविद्यालयांत 'पारंपरिक वेशभूषा दिन' साजरा होतो. कुणी विद्यार्थी वासुदेव होऊन येतो : मोरपिसांची टोपी, घोळदार झगा, हातात चिपळ्या. टाळ्या पडतात आणि परीक्षक म्हणून आम्ही प्राध्यापक त्याला पहिला क्रमांक देतो. खरा वासुदेव मात्र आमच्या गृहसंकुलाच्या फाटकावरूनच परत जातो. अनोळखी वेशातल्या कुणाला आत सोडू नये, असा ठराव झाला तेव्हा आमचाही हात वर होता.

सोंग घेणाऱ्याने पोलिसांत वर्दी द्यावी, गळ्यात ओळखपत्र अडकवावे, म्हणजे लोक घाबरणार नाहीत, असे सुशिक्षित मंडळी आता सहज बोलून जातात. हा युक्तिवाद आम्हांला मान्य नाही.

लोक घाबरू नयेत याची काळजी परंपरेने केव्हाच घेतली होती. वासुदेव पहाटेच्या ठरल्या वेळी येतो आणि दिसण्याआधी ऐकू येतो. कोकणातल्या शिमग्यातल्या संकासुराचा वेश तर भय वाटावे असाच. पण सण ठरलेला, सोबत नमनाचा मेळ. पोरे किंचाळत पळतात आणि पुन्हा त्याच्याच मागे लागतात. बहुरूप्याचे काम याहून अवघड. तो फौजदार होऊन दारात दरडावतो, क्षणभर खरा वाटतो. मग लग्नाचे अचाट आमंत्रण देत आपले सोंग आपणच उघडे पाडतो. ठकाला सोंग शेवटपर्यंत टिकवायचे असते. बहुरूप्याला ते उघडे पडल्याशिवाय दाद मिळत नाही.

हा करार दोघांचा होता, आणि तो पाहणाऱ्यांनी मोडला. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने गाऊन, नाचून, भविष्य सांगून वा खेळ करून मागितलेले दानही भिकेत जमा केले. एकनाथांची भारुडे आम्ही एम.ए.च्या वर्गात रूपक म्हणून शिकवतो. ते रूपक ज्याच्या खांद्यावर उभे आहे तो माणूस अभ्यासक्रमाबाहेरच राहतो.

याची किंमत कोण मोजतो? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. पिढ्यान्पिढ्या भिक्षेसाठी गावोगाव फिरणारा हा समाज. मोबाइलवरची अफवा लोकांना खरी वाटली आणि समोरचा माणूस खोटा. ओळखपत्र वाचायला क्षणभर थांबावे लागते. जमाव थांबत नाही.

वेशाआडून चोर येऊ शकतो, हे आम्ही नाकारत नाही. पण चोराला नजर चुकवायची असते. मोरपिसे लावून, चिपळ्या वाजवत तो कशाला येईल? या समाजांतल्या मुलांनी जन्मभर सोंगेच घ्यावीत, असेही आमचे म्हणणे नाही. त्यांनी शिकावे, हवे तर हा वारसा टाकून द्यावा. मात्र तो निर्णय त्यांचा असावा, आमच्या भीतीने त्यांच्यावर लादलेला नसावा.

तोवर ओळख पटवून देण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकण्याआधी, ओळखण्याची आपली जबाबदारी आपण का सोडली, याचे उत्तर आम्ही द्यायला हवे. निदान फाटकावरचा तो ठराव मागे घेण्यासाठी तरी आमचा हात पुन्हा वर जावा.