दुसऱ्या फटक्याची वेळ

पोहण्याच्या सर्व प्रकारांत ‘बटरफ्लाय’ हा प्रकार केवळ बलदंडांचाच, अशी समजूत आमच्या विद्यार्थ्यांत रुजलेली दिसते. मान नदीच्या काठी वाढलेली मनावरची मुले पाण्याला भिणारी नव्हेत. परंतु दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर काढून पुढे टाकावयाचे म्हटले की ती लवकरच दमतात आणि ‘आमच्या खांद्यांत तेवढे बळ नाही’ असे म्हणून हा प्रकार कायमचा सोडून देतात. आमच्या मते येथे निदानच चुकते. दोष खांद्यांवर येतो. चूक मात्र पायांच्या वेळेत असते.

हातांच्या एका फेरीस जोडलेल्या पायांचे दोन फटके, हा या प्रकाराचा हिशेब आहे. पहिला फटका हात पुढे पाण्यात शिरतात त्या क्षणी; त्याने कंबर वर येते व शरीर पुढे सरते. दुसरा फटका हात पाणी मागे लोटून मांडीजवळून बाहेर पडतात त्या क्षणी. त्याच्या आधारानेच खांदे वर राहतात व हात मोकळे होऊन पुढे येतात. पहिला फटका बहुतेकांना सहज साधतो. दुसरा उशिरा पडतो, किंवा मुळीच पडत नाही. मग कंबर खाली जाते, हात पाण्यातून ओढत आणावे लागतात आणि सारा भार खांद्यांवर येतो. झोपाळ्याला झोका देणाऱ्या लहान मुलीलाही हे रहस्य ठाऊक असते. वेळेवर दिलेला हलका झोका झोपाळा उंच नेतो; अवेळी दिलेला जोराचा झोका त्याची गती मारतो.

आंतरराष्ट्रीय नियमांत हा प्रकार १९५२ मध्ये ब्रेस्टस्ट्रोकपासून वेगळा झाला व १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्याच्या स्वतंत्र शर्यती झाल्या. भारतीयांना तो परका नाही. १९८६ साली सोल येथील आशियाई स्पर्धांत खजानसिंग यांनी २०० मीटर बटरफ्लायमध्ये रौप्यपदक मिळविले. त्यानंतर आशियाई स्पर्धांतील जलतरणाचे पदक भारताला लाभले ते चोवीस वर्षांनी, २०१० साली ग्वांगझू येथे. ते कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांचे कांस्यपदक होते, आणि तेही बटरफ्लायचेच, ५० मीटरचे.

‘आधी अंतर वाढवा, वेळ आपोआप जुळेल,’ असे काही शिक्षक म्हणतात. हे आम्हांस मान्य नाही. दमलेले शरीर चुकीचीच सवय घट्ट करते. लेझीम शिकविताना आपण मुलांना प्रथम धावावयास लावीत नाही. संथ ठेक्यावर हात-पाय जुळवून घेतो. येथेही तसेच व्हावे. प्रथम जमिनीवर उभे राहून ‘एक’ म्हणताना हात पुढे आणि ‘दोन’ म्हणताना हात मांडीशी, एवढेच घटवावे. मग पाण्यात एक हात पुढे ताणून ठेवून दुसऱ्या एकट्या हाताने तीन फेऱ्या, हात बदलून तीन, आणि शेवटी दोन्ही हातांनी तीन कराव्यात. फटका गुडघ्यातून न मारता छाती-कमरेच्या लाटेतून येऊ द्यावा. श्वास घेतल्यावर डोके हातांच्या आधी पाण्यात परत जावे. ते वर राहिले की पाय बुडतात. ठेका चुकताच थांबावे, विसावा घ्यावा व पुन्हा आरंभ करावा. हा अभ्यास उथळ, शांत पाण्यात व जाणत्याच्या देखरेखीखालीच व्हावा. पावसाळी नदी ही शिकण्याची जागा नव्हे.

आमची सूचना एवढीच की, शिक्षकांनी नवशिक्याच्या वहीत त्याने कापलेले अंतर लिहू नये. बिनचूक ठेक्यात झालेल्या फेऱ्यांची संख्या लिहावी. त्या चार असल्या तरी चालतील. स्वतःला दुबळे समजून काठावर बसलेल्या मुलाला त्या चार फेऱ्यांत आपल्या खांद्यांविषयीचा गैरसमज दूर करता येईल.