तुळाजीचा अ‍ॅटिट्यूड प्रॉब्लेम

"तुळाजी आंग्रे उद्धट होता, पेशव्यांना जुमानत नव्हता, म्हणून नानासाहेबांना इंग्रजांची मदत घ्यावी लागली." ही झाली एक बाजू. दुसरी बाजू अशी, की "नानासाहेबांना दूरदृष्टीच नव्हती, स्वतःच्या हाताने मराठ्यांचं आरमार बुडवलं." विजयदुर्गाचा विषय निघाला की मंडळींचे असे दोन तट पडतात आणि रात्री दोनपर्यंत हाणामारी चालते. माझं म्हणणं असं की दोन्ही तट एकच घोळ घालतायत. दोघेही राजकारणाचं उत्तर माणसाच्या स्वभावात शोधतायत.

'क्रुसेडर किंग्ज' ज्यांनी खेळलाय (म्हणजे ज्यांचे कित्येक शनिवार-रविवार कारणी लागलेत) त्यांना ही पद्धत ओळखीची आहे. प्रत्येक मांडलिकाला स्वभावाची दोन-चार लेबलं चिकटवलेली असतात. महत्त्वाकांक्षी, लोभी, समाधानी, भित्रा. त्याचं तुमच्याबद्दलचं मत एका आकड्यात. आकडा घसरला की नजराणा पाठवा, दरबारात जागा द्या, नाहीच जमलं तर तुरुंगात टाका. खेळायला झकास. पण तोच चष्मा लावून इतिहास वाचला की घोटाळा होतो.

उदाहरण घरातलंच घेऊ. तुळाजीचे वडील, कान्होजी. १७१३ साली ते ताराबाईंच्या बाजूला होते. शाहू महाराजांनी पेशवे बहिरोपंत पिंगळे ह्यांना त्यांच्यावर धाडलं, तर कान्होजींनी पेशव्यालाच कैद केलं! ह्याहून मोठा उद्धटपणा कुठला? पण मग बाळाजी विश्वनाथ गेले, बोलणी झाली, आणि कान्होजी शाहूंकडे आले. सरखेलपद, किल्ले, आरमार सगळं त्यांच्याकडेच राहिलं. आज कोणी त्यांना उद्धट म्हणत नाही. आपण त्यांना स्वाभिमानी म्हणतो.

म्हणजे लेबल आधी नसतं, निकाल लागल्यावर चिकटवलं जातं. १७१३ ला शाहूंची गादी डळमळीत होती आणि किनारा सांभाळणारा दुसरा कोणी नव्हता. म्हणून तह झाला. १७५५ ला पुण्याची ताकद प्रचंड वाढलेली होती आणि मुंबईकर इंग्रजांची जहाजं मदतीला तयार होती. म्हणून तह झाला नाही. स्वभाव तोच धरला तरी गणित बदललेलं होतं.

आणखी एक गोष्ट ह्या भांडणात कोणी बोलतच नाही. पेशवा हे छत्रपतींनी दिलेलं पद आणि सरखेल हेसुद्धा छत्रपतींनीच दिलेलं पद. डिसेंबर १७४९ मध्ये शाहू महाराज गेले आणि कारभाराची सूत्रं साताऱ्याहून पुण्याला आली. काल जो बरोबरीचा होता तो आज साहेब झाला. आयटीवाल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. री-ऑर्ग होते, शेजारच्या टेबलावरचा मॅनेजर होतो, आणि जो "मला हे कोणी विचारलं?" म्हणतो त्याच्या अप्रेझलमध्ये 'अ‍ॅटिट्यूड इश्यू' लिहून येतं. ऑर्ग चार्ट कोणी बदलला हे त्या फॉर्मवर कुठेच नसतं.

तुळाजी काही संत नव्हता. इंग्रज-डचांची जहाजं धरणं हा त्याचा रोजचा व्यवहार, आणि शेजारच्या वाडीकर सावंतांशीही वैर. पण हेच सावंत १७३० मध्ये आंग्र्यांच्या विरोधात इंग्रजांशी तह करून मोकळे झाले होते! खाली गोव्यात पोर्तुगीज, वर आंग्रे, मालवणात कोल्हापूरकर, अशा कात्रीत सापडलेला माणूस दुसरं काय करणार? हे संस्थान थेट १९४८ पर्यंत टिकलं. सावंत समाधानी आणि तुळाजी महत्त्वाकांक्षी म्हणून? छे.

ह्या बाबतीत 'युरोपा युनिव्हर्सॅलिस ४' जास्त शहाणा वाटतो. तिथे मांडलिकाची फुटण्याची इच्छा बरीचशी ताकदीच्या गुणोत्तरावर ठरते. पण एक मोठी खोच त्यातही सुटते. मांडलिक गिळला की नकाशावर प्रांत आपल्या रंगाचा होतो, महसूल सुरू, विषय संपला. प्रत्यक्षात काय झालं? फेब्रुवारी १७५६. वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. बंदरात उभ्या आरमाराला आग लागली आणि जवळपास सगळं आरमार जळालं. किल्ल्यातली लूट इंग्रजांनी आपसात वाटली आणि किल्ला काही महिने सोडला नाही. तो परत मिळाला तेव्हा बाणकोट त्यांच्या पदरात पडलं होतं. तुळाजी उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत. हेच वॉटसन-क्लाइव्ह पुढच्या वर्षी बंगालमध्ये, प्लासीच्या मोहिमेत. आणि १७६५ मध्ये इंग्रजांनी मालवणचा सिंधुदुर्ग घेऊन त्याला फोर्ट ऑगस्टस नावसुद्धा दिलं (पुढच्या वर्षी परत केला, तोही पैसे घेऊन).

आता कोणीतरी धुळपांचं नाव काढणार. बरोबर आहे, पेशव्यांनी विजयदुर्गावर पुन्हा आरमार उभं केलं, आणि १७८३ मध्ये आनंदराव धुळपांनी इंग्रजांचं 'रेंजर' पकडलं. भारीच काम. पण ते आरमार पुन्हा उभारायला लागलं, मुद्दा तोच आहे. मांडलिक मोडण्याआधी विचारायचा प्रश्न "हा माजलाय का?" असा नव्हताच. "हा जे काम करतो ते उद्यापासून कोण करणार?" हा होता.

असो. तुळाजीला देशभक्त ठरवायचं किंवा नानासाहेबांना खलनायक, हा माझा उद्योग नाही. पुढच्या वेळी कोणी स्वभावाचं लेबल फेकलं, इतिहासात नाहीतर मीटिंगमध्ये, तर आधी तीन गोष्टी विचारा. पद कोणी दिलं होतं, मधे वरचा साहेब कधी बदलला, आणि माणूस गेल्यावर काम कोणाच्या गळ्यात पडलं. उत्तरं आली की मग खुशाल भांडू. माझी तयारी आहे :)