नामविचार : एडवर्ड म्हणजे श्रीपाल

मुंबईंत परळ येथें १९२६ सालीं जें मोठें रुग्णालय उघडलें, त्याला लोक 'केईएम' या तीन अक्षरांनींच ओळखूं लागले. पुण्यांतहि १९१२ सालीं याच नांवाचें रुग्णालय निघालें होतें. या तीन अक्षरांतील मधलें अक्षर म्हणजे एडवर्ड. १९१० सालीं वारलेला इंग्लंडचा बादशहा सातवा एडवर्ड याच्या स्मरणार्थ हें नांव दिलें गेलें. परकीयांचें नांव म्हणजे नुसता ध्वनि, अशी आपली समजूत असते. परंतु प्रत्येक नांव हें कोणाच्या तरी भाषेंत एके काळीं अर्थवान् शब्द होतें. एडवर्ड या नांवाचा अर्थ व त्याहून त्याचा इतिहास आपल्या घरच्या बारशालाहि उपयोगीं पडण्यासारखा आहे, म्हणून आज तेंच विवेचनाला घेतों.

'एडवर्ड' हा सामासिक शब्द आहे. जुन्या आंग्ल-सॅक्सन भाषेंत 'एआद' म्हणजे संपत्ति, भाग्य, भरभराट. 'वेआर्द' म्हणजे राखणारा. मिळून 'श्रीचें रक्षण करणारा' असा षष्ठी तत्पुरुष होतो. संस्कृतांत सांगावयाचें तर 'श्रीपाल' हा शब्द जसाच्या तसा बसतो. यांतलें उत्तरपद तर आपल्या बोलण्यांतहि येऊन राहिलें आहे. रुग्णालयाचा आणि नगरपालिकेचा 'वॉर्ड' हा त्याच 'वेआर्द'चा वंशज. 'लॉर्ड' हा शब्दहि मूळचा 'ह्लाफवेआर्द', म्हणजे भाकरी राखणारा. ज्याचा आपण 'लाटसाहेब' केला, तो व्युत्पत्तीनें पाहतां घरच्या कोठाराचा राखणदार निघतो!

या नांवामागें कुलाची एक रीत होती. आपल्या गुप्तवंशांत समुद्रगुप्त, चंद्रगुप्त, कुमारगुप्त, स्कंदगुप्त असें उत्तरपद कायम राहून पूर्वपद बदलतें. वेसेक्सच्या सॅक्सन राजांनीं पुष्कळदां याच्या उलट केलें. आल्फ्रेड राजाचा मुलगा एडवर्ड (८९९-९२४). त्याच्या मुलांपैकीं एडमंड व एड्रेड. एडमंडचा मुलगा एडगर. एडगरचा मुलगा पुन्हां एडवर्ड. एडमंड म्हणजे श्रीचा त्राता, एडगर म्हणजे श्रीचा भाला. ईडिथ या मुलीच्या नांवांतहि तीच श्री आहे. नांव ऐकतांच कूळ कळावें, अशी ही योजना.

परंतु नांवाच्या अर्थानें ना माणसाचें रक्षण होतें, ना नांवाचें. एडगरचा मुलगा एडवर्ड ९७८ सालीं कॉर्फ येथें कोवळ्या वयांत मारला गेला. पुढें 'कन्फेसर' या उपपदानें प्रसिद्ध झालेला धर्मनिष्ठ एडवर्ड १०६६ च्या जानेवारींत निपुत्रिक वारला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत हेस्टिंग्जच्या लढाईंत नॉर्मंडीच्या विल्यमनें इंग्लंड जिंकलें.

राज्याबरोबर नांवेंहि बदललीं. विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, हेन्री हीं विजेत्यांचीं नांवें. वस्तुतः तींहि जर्मन कुळांतलींच, म्हणजे जुन्या सॅक्सन नांवांचीं चुलत भावंडें. अर्थानें कोणी थोर नव्हतें, कोणी हीन नव्हतें. फरक होता तो सत्तेचा. विल्यमचा मुलगा पहिला हेन्री यानें ११०० सालीं सॅक्सन राजवंशांतील ईडिथ या राजकन्येशीं विवाह केला. राणी झाल्यावर ती माटिल्डा या नांवानें ओळखली गेली. तरीहि दरबारचे सरदार त्या जोडप्याला 'गॉड्रिक आणि गॉडगिफू' म्हणून हिणवीत, कारण हीं अस्सल सॅक्सन नांवें होतीं. गॉडगिफूचा अर्थ काय? देवदत्ता! एवढें सुंदर नांव शिवीसारखें वापरलें गेलें. असा उपहास झाल्यावर लोक काय करणार? शेतकरीहि आपल्या मुलांना विल्यम व रॉबर्ट म्हणूं लागले. बाराव्या शतकाच्या अखेरीस जुनीं नांवें विरळ होऊन गेलीं.

त्यांतून एडवर्ड वांचला तो भक्तीमुळें. एडवर्ड कन्फेसर याला ११६१ सालीं संतपद मिळालें होतें. तिसरा हेन्री (१२१६-१२७२) हा विजेत्यांच्या वंशांतला, फ्रेंच बोलणाऱ्या दरबारांत वाढलेला राजा. पण त्याचें आराध्य हा सॅक्सन संत. १२३९ सालीं पहिला मुलगा झाला, त्याचें नांव त्यानें एडवर्ड ठेवलें. १२४५ मध्यें दुसरा झाला, त्याचें एडमंड. त्याच १२४५ सालीं संताच्या समाधीसाठीं वेस्टमिन्स्टरच्या मठाची नवी उभारणी त्यानें सुरू केली. आणि हा हेन्री कोण? नांव सोडावें लागलेल्या त्या ईडिथचाच खापरपणतू! पणजीच्याहि मागच्या पिढीनें जें गमावलें, तें त्यानें आपल्या मुलाच्या पाळण्यांत परत आणलें. पुढें १२७२ पासून १३७७ पर्यंत ओळीनें तीन एडवर्ड गादीवर बसले आणि नांव देशभर पसरलें. तिसऱ्या एडवर्डची नात पोर्तुगालची राणी झाली. तिच्या मुलाचें नांव 'दुआर्त', म्हणजे एडवर्डच. गोव्यांतील ख्रिस्ती कुटुंबांत आडनांव म्हणून हें नांव आजहि भेटतें.

यावरून मला एवढेंच सुचवावयाचें आहे कीं, नांवाचा अर्थ व्याकरण सांगतें, पण त्याचें आयुष्य स्मरणावर अवलंबून असतें. बारशाच्या वेळीं आपण कोश उघडून अर्थ पाहतों आणि आजोबांचें नांव जुनाट म्हणून बाजूला ठेवतों. तें ठेवावेंच असा माझा आग्रह नाहीं. पण तें कोणाचें होतें व तो मनुष्य कसा होता, एवढें तरी मुलाला सांगावें.

दुसरी गोष्ट अधिक जवळची. लग्नांत सुनेचें नांव बदलण्याची चाल आपल्या घरांतून पुष्कळ चालली. माझ्या आईचें माहेरचें नांव मला ती गेल्यावर मामांच्या तोंडून कळलें. जन्मभर संस्कृत शब्दांचीं मुळें शोधणाऱ्या मला घरांतलें हें एक नांव विचारण्याची बुद्धि झाली नाहीं. आमच्या कुलवृत्तांतांत तिच्या सासरच्या नांवापुढें आतां तें मीं स्वहस्तें लिहून ठेवलें आहे. वाचकांच्या घरीं ज्या वडीलधाऱ्या स्त्रिया आहेत, त्यांना त्यांचें पहिलें नांव आजच विचारावें आणि टिपून ठेवावें. पुढेंमागें एखाद्या खापरपणतूला त्याची आठवण होईल.